खिडकीवरची फळी



अमेरिकेतल्या फ्लोरिडात चक्रीवादळाची वर्दी आली की खिडक्यांवर प्लायवूड ठोकायची घाई उडते. काच फुटली की वारा आत शिरून छपराला खालून रेटा देतो, वरून ओढतच असतो. आपले पत्रे उडतात ते असेच. काचेला चिकटपट्ट्या लावून काही होत नाही.

दुकानांत पाणी, पाव, बॅटऱ्या संपतात. २००४ साली वॉलमार्टने विक्रीचा हिशेब काढला, तर वादळाआधी स्ट्रॉबेरीचा मुरंबा भरलेल्या वड्या सातपट खपलेल्या! चूल पेटवायला नको ना.

ऑगस्ट १९९२ च्या अँड्र्यू वादळात साठ हजारांवर घरे गेली. त्याच वर्षी राज्याने कायदा केला : आणीबाणी जाहीर झाली की गरजेच्या मालाचा भाव आधीच्या तीस दिवसांच्या मानाने बेसुमार चढवायचा नाही. व्यापाऱ्याचा स्वतःचा खर्च वाढला असेल तर तेवढी सूट.

आम्हाला विचाराल तर, भाव दाबला की पहिला गिऱ्हाईक दहा फळ्या नेतो, अकरावा हात हलवत परततो; लांबून ट्रक भरून आणायलाही कोणी धजत नाही. पण होमस्टेडच्या भाजीपाल्याच्या मुलखातले शेतमजूर पत्र्याच्या फिरत्या घरांत राहत. त्यांच्या खिडकीला फळी कुठल्या भावाने मिळाली असती, आणि ठोकून तरी काय वाचले असते?