सोळा आमदार आणि आपण

शेडवर बेदाणा निवडत बसलेल्या, द्राक्षाच्या विरळणीला गेलेल्या, धारा काढून आता कुठं चहाला टेकलेल्या, सगळ्यांना नमस्कार.

आज बचतीचा आणि हप्त्याचा विषय नाही. आज आमदारकीचा आहे. लगेच रेडिओ बंद करू नका. कुणाला मत द्या हे मी सांगणार नाही, ते माझं कामही नाही. मी फक्त हिशोब मांडणार आहे. आपल्याला गटाचं रजिस्टर लिहायची सवय आहे, त्याच डोळ्यांनी बघू.

सातारा जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ आठ. फलटण, वाई, कोरेगाव, माण, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा. सांगली जिल्ह्यातही आठच. मिरज, सांगली, इस्लामपूर, शिराळा, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठेमहांकाळ आणि जत. दोन्ही मिळून सोळा. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत या सोळा ठिकाणी जे निवडून आले, त्यांत बाई किती? एकही नाही. सांगलीत जयश्री पाटील अपक्ष उभ्या राहिल्या होत्या, त्या हरल्या. साऱ्या महाराष्ट्राचं बघायचं तर 288 आमदारांत 21 बाया. त्याच वर्षी कोट्यवधी बहिणींच्या खात्यात पैसे आले, बहिणींच्या मतांची चर्चा गावोगाव झाली. सभागृहात पोचल्या त्या 21.

आधी असं नव्हतं. 2015 ते 2024 या काळात या सोळांत एक बाई होती. सुमनताई पाटील, तासगाव-कवठेमहांकाळच्या. त्या मतदारसंघाची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण त्यात आपल्याला घेण्यासारखं पुष्कळ आहे, आणि टोचण्यासारखंही.

पूर्वी तासगाव वेगळा होता, कवठेमहांकाळ वेगळा. 2008 मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली आणि 2009 पासून दोन्ही मिळून एक झाला. सावळज, मणेराजुरीकडची द्राक्षं आणि बेदाणा एकीकडं, ढालगाव, नागजकडची कोरडी रानं दुसरीकडं. तासगावातून 1990 पासून सलग निवडून येत होते अंजनी गावचे आर. आर. पाटील, आपले आबा. घरची परिस्थिती बेताची. ना साखर कारखाना, ना मोठं घराणं. 1979 मध्ये ते सावळज गटातून जिल्हा परिषदेवर गेले, तिथं अकरा वर्षं घासली आणि मग आमदार झाले. ही अकरा वर्षं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू केलं. त्याआधी गावात शिरायचं म्हणजे नाकाला पदर लावूनच. पहाटे अंधारात उठून, गाडीचा उजेड आला की उभं राहायचं, हे ज्या बायांनी भोगलंय त्यांना संडासाची किंमत सांगायला नको. स्वच्छतेची स्पर्धा लागली आणि हा विषय चारचौघांत बोलण्याजोगा झाला. गृहमंत्री असताना 2007 मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आणली. बांधावरची भांडणं कोर्टात न जाता गावात मिटू लागली. बाईचं भांडण मिटवताना मात्र काही ठिकाणी 'जा बाई नांदायला' एवढाच निकाल निघाला, हेही मी पाहिलंय. त्याचा दोष मोहिमेचा कमी, समितीत बसणाऱ्यांचा जास्त.

2005 मध्ये त्यांनी डान्सबारवर बंदी आणली. आपल्याकडच्या बायांना ती फार आवडली, कारण द्राक्षाचा पैसा, उसाचा पैसा नवी मुंबईच्या वाटेला लागत होता. ही बंदी पुढं 2006 मध्ये उच्च न्यायालयानं रद्द केली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तोच निकाल कायम ठेवला. मला त्यात एक गोष्ट तेव्हाही खटकायची. नाचणाऱ्या बायांच्या चुली बंद झाल्या, त्यांच्या पुढच्या पोटाचं काय, हे विचारणारं आपल्यात कुणी नव्हतं. त्या पण कुणाच्या तरी लेकीच.

मुंबईवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर 2008 मध्ये त्यांनी राजीनामा दिला, 2009 मध्ये पुन्हा गृहमंत्री झाले. 2014 च्या प्रचारात विरोधी उमेदवारावर बोलताना बलात्काराच्या गुन्ह्याबद्दल हलकं बोलून गेले. टीका झाली, त्यांनी माफी मागितली. मोठ्या माणसाचं हे बोलायचं नसतं म्हणतात. माझं मत असं की चांगलं लिहिलं तर हेही रजिस्टरात लिहावं. हिशोब दोन्ही बाजूंचा असतो.

16 फेब्रुवारी 2015 ला आबा गेले. पोटनिवडणूक लागली आणि सुमनताईंना उमेदवारी मिळाली. मोठ्या पक्षांनी समोर उमेदवार दिले नाहीत. एक लाखाहून जास्त मतांनी त्या निवडून आल्या. ती मतं आबांना होती, सगळ्यांना माहीत होतं. पण 2019 मध्ये समोर अजितराव घोरपडेंसारखे मुरलेले माजी मंत्री असताना त्या पुन्हा निवडून आल्या. ती मतं मग नुसत्या सहानुभूतीची कशी म्हणायची? आणि ऑक्टोबर 2023 मध्ये टेंभू योजनेचं पाणी सुटलेल्या गावांना मिळावं म्हणून त्या सांगलीत जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणाला बसल्या.

टेंभू म्हणजे कराडजवळचं कृष्णाकाठचं गाव. तिथून पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून दुष्काळी तालुक्यांना जातं. जाता जाता सांगते, बायांनी शिकावं म्हणून भांडणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म याच टेंभूचा. योजनेचं नाव रोज ऐकतो, आगरकरांचं गाव हे कितीजणींना माहीत आहे?

2024 मध्ये सुमनताई उभ्या राहिल्या नाहीत. त्यांचे चिरंजीव रोहित पाटील उभे राहिले आणि माजी खासदार संजयकाका पाटलांचा सुमारे 27 हजार मतांनी पराभव करून, वयाच्या पंचविशीत, सभागृहातले सगळ्यात तरुण आमदार झाले. तरुण पोरगं पुढं येतंय, चांगलंच आहे. पण सोळांतली ती एक जागाही गेली.

आता मागं जाऊन बघू. कराडच्या प्रेमलाकाकी चव्हाण. पती दाजीसाहेब चव्हाण खासदार होते, 1973 मध्ये ते गेल्यावर प्रेमलाकाकी कराडच्या खासदार झाल्या, आणि नंतरही निवडून आल्या. त्यांचे चिरंजीव पृथ्वीराज चव्हाण पुढं मुख्यमंत्री झाले. शालिनीताई पाटील. अंतुल्यांच्या मंत्रिमंडळात त्या महसूलमंत्री होत्या. 1983 मध्ये वसंतदादा मुख्यमंत्री झाले, त्यांनी सोडलेल्या सांगलीच्या जागेवर त्या लोकसभेत गेल्या. पुढं कोरेगावातून 1999 आणि 2004 मध्ये आमदार. जरंडेश्वर साखर कारखाना त्यांनी उभा केला. तो कर्जापायी 2010 मध्ये लिलावात गेला, पण सहकारी कारखाना काढायला निघालेली बाई आपल्याकडं दुसरी कोण सांगा.

तिघींची कर्तबगारी मी कमी लेखत नाही. आत गेल्यावर त्यांनी आपली जागा केली. माझं म्हणणं दाराबद्दल आहे. पुरुष जिल्हा परिषदेच्या दारातून येतो, कारखान्याच्या, दूध संघाच्या, जिल्हा बँकेच्या दारातून येतो. बाईला दार उघडतं ते नवऱ्यानं जागा सोडली किंवा जग सोडलं तर.

बायांना राजकारण झेपत नाही असं म्हणणारे भेटतात. त्यांना हौसाताई पाटलांची आठवण द्यावी. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक. प्रतिसरकारच्या काळात पोलिसांचं लक्ष वेधायला त्यांनी ठाण्यासमोर भांडणाचं सोंग घेतलं आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका उचलल्या. त्यापेक्षा पॅनेलची बैठक अवघड असते का?

अवघड आहे ते दुसरंच. उमेदवारी अर्जाची अनामत 10 हजार. एवढं तर आपल्या गटातून अंतर्गत कर्ज निघेल. पण प्रचाराच्या खर्चाची कायद्यानं ठरवलेली मर्यादा आहे 40 लाख. ते उभे करणारी माणसं कुठं तयार होतात? कारखान्यात, सोसायटीत. कारखान्याचं सभासद व्हायला उसाची जमीन लागते, आणि सातबारा कुणाच्या नावावर? खुरपं आपल्या हातात, शेअर त्यांच्या नावावर. संचालक मंडळात बायांसाठी दोन जागा राखीव असतात, त्यांवर कोण बसतं ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून सातबाऱ्यावर नाव लावण्याचा मी बैठकीत आग्रह धरते, तेव्हा तो नुसता घरातला विषय नसतो.

राहिली जिल्हा परिषद. तिथं आणि ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. आबांच्या अकरा वर्षांची आठवण ठेवा म्हटलं होतं ती यासाठी. बाई एकदा निवडून येते, पाच वर्षांनी आरक्षण फिरतं आणि ती घरी बसते. अकरा वर्षं सलग तिला कोण देतं? खुल्या जागेवर तिनं परत अर्ज भरला की म्हणतात, आता पुरे की वहिनी.

2023 मध्ये संसदेनं कायदा केला आहे, लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा बायांना. तो जनगणना आणि मग मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू व्हायचा आहे. आजच्या हिशोबानं धरलं तर 288 मध्ये 96. आपल्या दोन जिल्ह्यांत पाच तरी. त्या पाच जागांवर आज कुणाकुणाच्या सुना तयार होत असतील याचा अंदाज तुम्हीच बांधा. ग्रामसंघाची अध्यक्ष म्हणून लाखांचे व्यवहार सांभाळणारी, बँकेच्या साहेबाशी न घाबरता बोलणारी बाई त्या यादीत का नसावी? वय 25 पूर्ण पाहिजे आणि मतदार यादीत नाव पाहिजे. शिक्षणाची अट नाही.

मतदार यादीवरून आता सगळ्यात कामाची गोष्ट. दारूचं दुकान बंद करायचं मतदान, आपण ज्याला आडवी बाटली म्हणतो, त्याचा हिशोब किती जणींना माहीत आहे? आधी गावातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज. सह्यांची तपासणी होते, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आणि दुकान बंद व्हायला आलेल्या मतांच्या निम्मी मतं चालत नाहीत. यादीत जेवढ्या बाया आहेत, त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला पडावी लागतात.

समजा तुमच्या गावात यादीत 1000 बाया आहेत. मतदानाला 600 आल्या. त्यातल्या 450 जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. चारातल्या तीन झाल्या. तरी दुकान चालू, कारण 501 पाहिजे होत्या. आमदाराला हा नियम नाही. त्याला समोरच्यापेक्षा एक मत जास्त मिळालं की झालं, न आलेल्यांचा हिशोब कुणी धरत नाही. दारू दुकानाला मात्र न आलेली प्रत्येक बाई उपयोगी पडते.

आणि त्या 1000 मध्ये कोण कोण असतं? लग्न होऊन दहा वर्षांपूर्वी कोल्हापूरला गेलेली लेक. वारलेली आजी. पुण्याला कायमची गेलेली भावजय. ही सगळी नावं, काही न करता, दुकानाच्या बाजूनं उभी असतात. उलट नव्यानं आलेली सून, जिचा नवरा रोज पिऊन येतो, तिचं नाव माहेरच्या यादीत. तिला इथं मतच नाही. ना दुकानाला, ना सरपंचाला, ना आमदाराला.

तेव्हा मतदान लागेपर्यंत थांबू नका. नवीन नावाला नमुना 6 लागतो. माहेरचं नाव सासरी आणायला किंवा नाव, पत्ता दुरुस्त करायला नमुना 8. वारलेल्या आणि कायमच्या गेलेल्यांची नावं काढायला नमुना 7. अर्ज बीएलओकडं द्यायचा, आणि बीएलओ बऱ्याचदा आपल्या अंगणवाडीच्या ताईच असतात. यादी त्यांच्याकडं बघायला मिळते. पुढच्या मासिक बैठकीला गटवार वाचून काढा. दहा जणींचा गट, प्रत्येकीनं आपली आळी बघायची, दोन तासांचं काम आहे.

आणि यादी हातात आहेच तर आणखी एक. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटींचा निधी असतो. आपल्या गावात त्यातून काय झालं, किती पैसे, कुठल्या वर्षी, हे जिल्हा नियोजन कार्यालयात कळतं. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर साधा अर्ज लिहा, पोच घ्या. कामांची यादी आली की तिच्यात बघा, सभामंडप किती आणि पाण्याची टाकी किती, बायांना बसायला हक्काची खोली किती. काय सापडलं ते या कार्यक्रमाला जरूर कळवा. पुढच्या वेळी तुमच्याच तोंडून ऐकवू.