माती किती वाजता?

आपल्याकडे माणूस गेला की फोनवर पहिला प्रश्न एकच, 'माती किती वाजता?' पुण्यामुंबईचे लोक हे ऐकून गोंधळतात. सरणावर ठेवायचं असलं तरी आपण जातो ते मातीलाच. दोनची माती असली तर दीडला पारावर हजर. पण मयत परमुलखात झालं असेल तर या प्रश्नाला उत्तर नसतं. उद्या? परवा? की पुढच्या शुक्रवारी?

आपल्या सेनगाव तालुक्यातल्या एका घरात मी असे अकरा दिवस बघितलेत. नात्यातलाच पोरगा, आखातात बांधकामावर होता. खोलीतल्या जोडीदाराचा फोन आला आणि तासाभरात ओसरी भरली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, भाकरी शेजारून येते. पण ही रीत एका दिवसाच्या मातीसाठी. चौथ्या दिवशी शेजारच्या बायांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या. सुतक कधीपासून धरायचं, यावर भावकीत दोन तट पडले. आई तेवढी एकच वाक्य बोलायची, 'तोंड तर दाखवा.'

इतके दिवस का लागतात, ते थोडक्यात सांगतो. आधी तिथल्या दवाखान्याचा आणि पोलिसांचा कागद. मग आपल्या दूतावासात मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द, ना हरकत पत्र. वारसाचं मुखत्यारपत्र इथून नोटरी करून पाठवायचं. शव टिकावं म्हणून औषध भरतात, त्याचा दाखला वेगळा, पेटी हवाबंद केल्याचा वेगळा. शिवाय इकडच्या विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी. तेवढं शेवटचं काम ऑगस्ट 2023 पासून 'ई-केअर' पोर्टलवर घरबसल्या होतं. बाकी सगळं एका अक्षरावर अडतं. आमच्या पोराच्या बापाचं नाव पासपोर्टवर एक आणि रेशनकार्डावर दुसरं. लहानपणी शाळेत घालताना गुरुजींनी जे लिहिलं, त्याचा हिशेब तेवीस वर्षांनी द्यावा लागला.

पैशाचंही सांगतो, कारण सभेत विचारायला लोक लाजतात. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'परवानगी लागेल' असा शेरा असतो. असा माणूस ठरावीक देशांत कामाला निघाला की त्याचा प्रवासी भारतीय विमा सक्तीनं काढतात. हप्ता दोन वर्षांचा 275 रुपये, तीन वर्षांचा 375. अपघाती मृत्यूला दहा लाख. पण एजंटानं टुरिस्ट व्हिसावर पाठवलेल्या पोराला यातलं काही नाही. दूतावासांकडे 2009 पासून एक कल्याण निधीही आहे, शव आणायला कोणीच पैसे देणार नसेल तर त्यातून खर्च होऊ शकतो. अर्ज मात्र करावा लागतो. आपल्या माणसांना अर्ज करण्यापेक्षा एकरभर रान गहाण टाकणं सोपं वाटतं.

विमानात शव म्हणजे माल. 2019 पर्यंत अमिरातीतून एअर इंडियानं आणलेल्या शवाचं भाडं किलोवर होतं. लोकांनी ओरड केल्यावर वजन करणं थांबलं आणि सरसकट 1500 दिरहम झाले. त्याच अमिरातीतल्या दुबईत कामगारांच्या वस्तीला लोक 'सोनापूर' म्हणतात. मुंबईचं सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सचं स्मशान. 1933 साली स्वातंत्र्यलढ्यातले नेते विठ्ठलभाई पटेल जिनिव्हाजवळ वारले, त्यांचं शव बोटीनं मुंबईला आलं आणि दहन झालं ते तिथंच.

सरकारनं मनावर घेतलं तर किती लवकर होतं, तेही आपण पाहिलंय. 23 ऑगस्ट 2024 ला जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस नेपाळात मर्स्यांगदी नदीत कोसळली. 27 जण गेले. दुसऱ्याच दिवशी हवाई दलाचं विमान 25 शवं घेऊन जळगावात उतरलं. सत्तावीस असले की विमान येतं. एकट्याला कार्गोची पावती.

आणायलाच पाहिजे का, हेही बोलू. गावात हा प्रश्न काढला की लोक अंगावर येतात. पण धर्मानं यावर कधीच वाट काढून ठेवलीय. शव मिळालंच नाही तर पालाशविधी करतात. पळसाच्या 360 देठांचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. आपल्या माळांवर पळसाला तोटा नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज नोव्हेंबर 1870 मध्ये विलायतेहून परतताना फ्लॉरेन्सला वारले, वय विशीचं. राजा असूनही त्यांना घरी आणता आलं नाही. दहन आर्नो नदीच्या काठी झालं. तिथं त्यांची छत्री आहे आणि जवळच्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक आजही 'इंडियानो' म्हणतात.

आणि आपले नामदेव महाराज! नर्सीचे, म्हणजे इथले. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसोबत तिच्याखाली गाडले गेले. तेव्हा हाडं पंढरपूरला कोणी आणली? नामदेवांनी. ढिगाऱ्यातलं नेमकं कुठलं हाड चोखोबांचं? परंपरा सांगते, ज्यातून विठ्ठल ऐकू आला ते. श्रद्धा बाजूला ठेवली तरी उरतं ते असं, की बांधकामावर मेलेल्या मजुराला ओळखायला आणि घरी आणायला कोणीतरी स्वतः गेलं. नामदेवांचं स्वतःचं काय? पंढरपूरकर म्हणतात ते देवळाच्या पायरीखाली आहेत, पंजाबातले भक्त म्हणतात घुमानला आहेत. दोन्हीकडे माथा टेकतात, कोणाचंच अडलं नाही. माझं मत स्पष्ट आहे. तोंड दाखवण्यासारखं असेल आणि रान विकावं लागत नसेल तर जरूर आणा. नाहीतर तिथंच दहन किंवा दफन करून घ्या. राख तेवढी आणली तरी आपली कयाधू नदी ती नाकारत नाही.

आम्ही मात्र आणलं. आजारपणाला जसं हैदराबाद, तसं पेटीलाही आपल्याला तिथलं शमशाबादचं विमानतळच बरं पडतं. प्रवासी बाहेर येतात त्या दारात आम्ही तासभर उभे. शेवटी एका हमालानं विचारलं, 'बॉडी का? मग कार्गोला जा.' तिकडे फळांच्या खोक्यांमागून पेटी आली. वर इंग्रजीत नाव, वजन आणि 'मानवी अवशेष'.

रात्रभर ॲम्ब्युलन्स चालली. पहाटे गावात पोचलो तर पेटी दारातून आत जाईना. अंगणातच ठेवली. सुतारानं स्क्रू काढले, आतला पत्रा कापला. औषधाचा वास आला तशी माणसं मागं सरली. न्हाऊ घालण्यासारखं काही नव्हतं. आईनं पदर तांब्यात भिजवला आणि फक्त तोंड पुसलं, कानाच्या मागंसुद्धा, शाळेला पाठवताना पुसावं तसं. मग ती स्वतःच म्हणाली, 'न्या.'

पेटी स्मशानातल्या पत्र्याच्या शेडमागं टाकून दिली. तो सगळा पावसाळा ती तिथंच होती. लाकूड चांगलं होतं, जळणालाही कोणी नेलं नाही.