लांडगा व त्याचे शिकारी कुत्रे



मानेसर हे नाव आज कारखान्यांमुळे सर्वतोमुखी झाले आहे. दिल्ली-जयपूर महामार्गावरील या गावाच्या पाठीशी अरवलीच्या टेकड्या आहेत, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये येथील मोटारीच्या एका कारखान्यात बिबट्या शिरला आणि त्याला बेशुद्ध करून पकडण्यास सुमारे दीड दिवस लागला, तेव्हा त्या शेजाराची सर्वांना आठवण झाली. याच मानेसरात राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे व त्याच्या श्वानपथकात बेल्जियन मॅलिनॉय जातीचे कुत्रे आहेत. ही जात मूळची बेल्जममधील मेंढपाळांची. रान आणि कुत्रा हे दोन्ही जेथे माणसाच्या इतके निकट नांदतात, तेथे लांडग्याविरुद्ध घडविलेल्या कुत्र्यांचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

कुत्रा हा लांडग्याचाच वंशज होय. किमान १४-१५ हजार वर्षांपूर्वी तो माणसाच्या वस्तीत रुळला. पुढे माणसाने शेळ्यामेंढ्या पाळल्या, आणि लांडगा त्याचा वैरी ठरला. या वैऱ्याचा बंदोबस्त करण्यासाठी त्याच्याच भाऊबंदांना हाताशी धरण्यात आले. त्यांच्याकडे दोन प्रकारची कामे सोपविली गेली. पहिले काम राखणीचे. तुर्कस्तानचा कांगाल किंवा आपल्या हिमालयातील मेंढपाळांचा भोटिया कुत्रा या वर्गात मोडतो. हे कुत्रे भारदस्त अंगाचे व दाट केसांचे असतात. ते वैऱ्याचा फारसा पाठलाग करीत नाहीत, कळपापाशी ठाम उभे राहतात. बिबट्याने नरडे धरू नये म्हणून हिमाचलातील गद्दी मेंढपाळ त्यांच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा घालतात. दुसरे काम शिकारीचे. त्यासाठी लांब पाय, खोल छाती, तीक्ष्ण नजर आणि लांडग्याला धरून ठेवण्याइतके बळ असलेला कुत्रा हवा होता.

या दुसऱ्या वर्गातील सर्वांत नामांकित जात आयर्लंडची. तेथील मोठ्या कुत्र्यांची कीर्ती रोमपर्यंत पोहोचली होती. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सरदार सिमाकस याने आपल्याला मिळालेल्या अशा सात कुत्र्यांचा उल्लेख पत्रात केला आहे. आयर्लंडमध्ये लांडग्यांचा उपद्रव इतका होता, की १६५२ मध्ये क्रॉमवेलच्या राजवटीने हे कुत्रे देशाबाहेर नेण्यास बंदी घातली. लांडगा मारणाऱ्यास बक्षिसे मिळू लागली, रानेही तुटत गेली. आयर्लंडमधील शेवटचा लांडगा १७८६ च्या सुमारास कार्लो परगण्यात मारला गेला, असे सामान्यतः मानले जाते. लांडगा गेला आणि त्याच्या शिकाऱ्याचे प्रयोजनही गेले. एवढा खादाड कुत्रा निष्कारण कोण पोसणार? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही जात नामशेष होण्याच्या बेतास आली.

कॅप्टन जॉर्ज ऑगस्टस ग्रॅहॅम यांनी १८६० नंतरच्या दशकांत उरल्यासुरल्या कुत्र्यांचा स्कॉटिश डियरहाउंड, ग्रेट डेन इत्यादी जातींशी संकर करून तिचे पुनरुज्जीवन केले. १८८५ मध्ये आयरिश वुल्फहाउंड क्लब स्थापन झाला. ब्रिटिश केनेल क्लबच्या प्रमाणानुसार या जातीच्या नराची उंची किमान ७९ सेंटिमीटर व वजन किमान ५४.५ किलोग्रॅम असावे लागते. कुत्र्याचा देह परत आला, त्याचे काम मात्र परत आले नाही. या अवाढव्य देहाची किंमतही मोठी आहे. हृदयविकार, हाडांचा कर्करोग, जठराला पीळ पडणे या व्याधी या कुत्र्यांत वारंवार आढळतात आणि त्यांचे सरासरी आयुष्य सुमारे सात वर्षांचेच असते.

रशियातील बोर्झोई या कुत्र्याची कथा निराळी आहे. तेथे लांडग्याची शिकार हा सरदारांचा इतमाम होता. दोन-तीन कुत्रे एकाच वेळी लांडग्यावर सोडीत. ते त्याला दाबून धरीत आणि घोडेस्वार शिकारी येऊन पुढचे काम उरकीत. टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती' या कादंबरीत अशा शिकारीचे वर्णन आहे. १९१७ च्या क्रांतीनंतर सरदारांची इस्टेट गेली, तसे त्यांचे श्वानगृहही उद्ध्वस्त झाले. पूर्वी परदेशी गेलेल्या कुत्र्यांमुळे ही जात जगात टिकून राहिली.

आपल्याकडे रामपूरच्या नवाबांनी अफगाण ताझी व इंग्लिश ग्रेहाउंड यांच्या संकरातून रामपूर हाउंड ही जात घडविली. ती कोल्ह्याच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होती. दख्खनच्या पठारावरील कारवान कुत्रा मुख्यतः सशामागे धावणारा. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानात त्याला राजाश्रय लाभला व तो मुधोळ हाउंड म्हणून ओळखला जाऊ लागला. २००५ मध्ये भारतीय डाक खात्याने या दोन्ही जातींवर तिकिटे काढली. तथापि भारतात लांडग्यांचा संहार झाला तो प्रामुख्याने कुत्र्यांकरवी नव्हे. इंग्रज सरकारने प्रत्येक लांडग्यामागे बक्षीस लावले, आणि १८७१ ते १९१६ या काळात किमान एक लाख लांडगे मारले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

आज चित्र पालटले आहे. भारतीय लांडग्यांची संख्या सुमारे तीन हजार एवढीच उरली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार त्याचा वंश जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक आहे. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील माळरानांवर तो अजून दिसतो. अंगाने तो लहान. बहुधा २५ किलोग्रॅमच्या आतबाहेर. त्याला आता शिकारी कुत्र्याचे भय नाही. भय आहे ते मोकाट कुत्र्याचे. उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यावर व कोंबड्यांच्या अवशेषांवर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. त्यांच्याकडून डिस्टेंपरसारखे रोग रानात पोहोचू शकतात. शिवाय लांडगा व कुत्रा यांचा संकर होतो. पुणे परिसरातील अशा संकराचा जनुकीय पुरावा संशोधकांनी मिळविला आहे. आयर्लंडमध्ये कुत्र्याने लांडगा मारला. येथे तो लांडग्याचे रक्तच हळूहळू पुसून टाकील, अशी धास्ती आहे.

धनगरांची मेंढरे लांडगा आजही उचलतो आणि ते नुकसान खरे आहे. त्याची भरपाई वेळेवर मिळाली, तर त्याला विष घालण्याची बुद्धी कोणास होणार नाही. रात्री मेंढरांभोवती वाघूर असावी व राखणीला बळकट कुत्रा असावा, हा जुना उपाय अद्याप निकामी झालेला नाही. त्या कुत्र्याला लस टोचलेली असावी, एवढीच त्यात भर घालावयाची.

मानेसर-गुरुग्रामच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांनाही यातून काही घेता येईल. बर्फाळ किंवा विस्तीर्ण कुरणांच्या मुलखासाठी घडविलेला प्रचंड कुत्रा मे महिन्याच्या उन्हात सदनिकेत कोंडणे ही हौस त्या जनावरालाच जाचक होते. ज्याला कुत्रा पाळावयाचा आहे, त्याने त्याच्या देखण्या रूपाआधी तो कोणत्या कामासाठी घडविला गेला हे विचारावे. तो नकोसा झाला म्हणून अरवलीच्या पायथ्याशी सोडून देऊ नये. आपण घडविलेल्या प्राण्याची जबाबदारी आपली आहे, आणि ती घराच्या उंबरठ्याशी संपत नाही. ती माळावरच्या लांडग्याच्या बिळापर्यंत जाते.