आधी कोण, मग कोण



कामगार संघटनेचा माणूस संगणकावर काय बोलणार, अशी कुजबुज मघाशी आमच्या कानी आली. शंका रास्त आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, दुसऱ्यांची चार्जशीटे वाचता वाचता झाले. या विषयाशी गाठ पडली तीही एका चार्जशीटमुळेच.

२००९ सालची गोष्ट. एका कंपनीत रात्रपाळीच्या एका कंत्राटी तरुणावर ठपका आला, की त्याने हजेरीचा व पगाराचा असे दोन्ही प्रोग्रॅम बंद पाडले. तो शपथेवर सांगे, "साहेब, मी त्यांना हात लावला नाही. डेटाबेसची जुळणी थांबवून पुन्हा सुरू करायला सांगितले होते, तेवढेच केले."

तेथे जेरोनिमो नावाचा ॲप्लिकेशन सर्व्हर होता. अनेक प्रोग्रॅमांना एका छपराखाली चालवणारी ही व्यवस्था. अपाची संस्थेत २००३ साली तिचे काम सुरू झाले आणि पहिली पूर्ण आवृत्ती जानेवारी २००६ मध्ये निघाली. तीत प्रत्येक काम 'कॉन्फिगरेशन' म्हणून बांधलेले असते. आपण त्याला जुळणी म्हणू. आपण कोणत्या जुळणीवर उभे आहोत, हे प्रत्येकीच्या पोटात लिहिलेले असते. खालची ती पालक, वरची ती आश्रित. पगार सुरू करा म्हटले, की सर्व्हर आधी पालक उठवतो, मग पगार. पालक थांबवा म्हटले, की आधी आश्रितांना थांबवतो, मग पालकाला. इथवर शहाणपणाच आहे.

खोच पुढे आहे. पालक पुन्हा सुरू केला, तरी आश्रित आपोआप उठत नाहीत! सुरू करताना सर्व्हर पालकांकडे पाहतो, आश्रितांकडे नाही. 'रीस्टार्ट' हा एकच हुकूम दिला असता, तर थांबवलेल्यांची यादी धरून त्याने त्यांनाही उठवले असते. त्या तरुणाला मात्र 'थांबव' आणि 'सुरू कर' असे दोन हुकूम कागदावर लिहून दिलेले होते.

आमचे वडील गिरणीत साच्यावर होते. तरासन खाते बंद पडले, की सुताविना साचे थांबत आणि रोज बुडे. पण सूत येऊ लागले, की जॉबर हाक मारी. जॉबराची स्तुती आमच्या तोंडून ऐकून जुन्या मंडळींना हसू येईल, येऊ द्या. सर्व्हरात ती हाक मारणारे कुणी नव्हते.

आणखी एक नोंद हा सर्व्हर ठेवतो, ती आम्हांला फार आवडली: जुळणी माणसाच्या हुकुमाने सुरू झाली, की केवळ दुसरीच्या गरजेपोटी. हुकूम कुणाचा, हे यंत्रसुद्धा विसरत नाही.

चौकशीत आम्ही सर्व्हरची नोंदवही मागितली. हजेरी, पगार, मग डेटाबेस, हा थांबण्याचा क्रम तीत स्वच्छ होता. आम्ही हुकुमाचा कागद शेजारी ठेवला. साहेबांनी दोन्ही दोनदा वाचले आणि ठपका मागे घेतला. त्या तरुणाचे कंत्राट मात्र आधीच संपले होते. कंत्राटदाराने ते नव्याने केले नाही.