यूसुफ मेहरअली: साऱ्या शहराचा महापौर

(पनवेल येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळा ओलांडलं की तारा गाव लागतं. तिथल्या यूसुफ मेहरअली सेंटरची पाटी आपण पनवेलकरांनी शेकडो वेळा पाहिली आहे. कुणी तिथून घाण्याचं तेल आणतं, कुणी साबण. पण हे मेहरअली कोण, असं विचारलं तर आपल्यातले बरेच जण गप्प होतात. म्हणून आज त्यांच्या उमेदीच्या काळाबद्दल बोलायचं मी ठरवलं.

यूसुफ मेहरअलींचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईत, एका सधन खोजा व्यापारी घराण्यात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन ते कायदा शिकले. पण त्यांच्या राजकीय हालचालींमुळे त्यांना वकिलीची सनद नाकारली गेली. घरची गादी होती, पेढीवर बसता आलं असतं. ते बसले नाहीत.

१९२८ साली सायमन कमिशन भारतात आलं. त्यात एकही भारतीय सदस्य नव्हता. मेहरअली तेव्हा अवघ्या चोवीस वर्षांचे. बॉम्बे यूथ लीगचं काम त्यांनी उभं केलं होतं. होड्यांतून समुद्रातच कमिशनला गाठायचा बेत होता, पण तो फुटला. मग ही मुलं हमालांच्या वेशात बंदरावरच्या स्टेशनात शिरली आणि ३ फेब्रुवारीला काळे झेंडे दाखवले. लाठ्या खाल्ल्या, पण 'सायमन गो बॅक' ही घोषणा देशभर गेली. ती मेहरअलींची.

पुढे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग, १९३२ मध्ये पुन्हा तुरुंग. १९३४ मध्ये जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव, अच्युत पटवर्धन यांच्यासोबत काँग्रेस समाजवादी पक्षाची स्थापना. शेतकरी आणि कामगारांच्या प्रश्नांवर ते देशभर फिरत राहिले.

आता मुद्द्यावर येतो. मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगने लाहोरचा ठराव केला. मुसलमानांचं राजकारण वेगळं, त्यांचा प्रतिनिधी वेगळा, हे जोरात सांगितलं जात होतं. त्याच काळात, १९४२ साली, मेहरअली तुरुंगात असतानाच मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं. निवडणुकीसाठी त्यांची सुटका झाली आणि ते निवडून आले. वय अडतीस. तोवरचे सर्वांत तरुण महापौर. त्यांना मतं देणाऱ्या नगरसेवकांत हिंदू, पारशी, ख्रिस्ती, मुसलमान असे सगळे होते. महायुद्धाचं सावट शहरावर होतं. अशा वेळी शहराच्या सोयींकडे लक्ष देणारा आणि नागरिकांची स्वयंसेवक दलं उभारणारा महापौर मुंबईला मिळाला.

त्याच वर्षी लढ्याला नाव हवं होतं. गांधीजींचे स्नेही शांतिकुमार मोरारजी यांनी एक आठवण नोंदवली आहे. कुणीतरी 'गेट आउट' सुचवलं, ते गांधीजींना उद्धट वाटलं. मेहरअलींनी 'क्विट इंडिया' हे शब्द पुढे केले आणि गांधीजींनी ते मान्य केले. मराठीत आपण त्याला 'चले जाव' म्हणतो. ९ ऑगस्टच्या धरपकडीत महापौर पुन्हा आत गेले. तुरुंगात हृदयविकार बळावला. बाहेरच्या चांगल्या रुग्णालयात न्यायची तयारी सरकारने दाखवली, तेव्हा त्यांनी अट घातली: माझ्यासोबतच्या दोन आजारी कैद्यांनाही न्या. ती मान्य झाली नाही, म्हणून तेही गेले नाहीत. ढासळलेली तब्येत पुन्हा सावरली नाही. २ जुलै १९५० ला ते गेले, तेव्हा सत्तेचाळीसही पूर्ण नव्हते.

हे सगळं मी इथे का सांगतोय? माझ्या ओळखीच्या एका तरुणाने वॉर्डातल्या पाण्यासाठी तीन वर्षं अर्ज-विनंत्या केल्या. सगळ्या आळ्यांसाठी केल्या. एका पक्षात गेला तर त्याला सांगितलं, 'तू अल्पसंख्याक सेल सांभाळ.' नळाचं पाणी अल्पसंख्याक असतं का? आणि आपल्यातलेही काही जण त्याला म्हणाले, 'आपल्या मोहल्ल्यापुरतं बघ, बाकीच्यांचं तुला काय?' दोन्ही बाजूंनी दार एकच बंद होतं.

मेहरअलींचं नाव घेऊन कुणी आपल्याला 'मुसलमान असावा तर असा' असं ऐकवू लागलं, तर तेही मला मंजूर नाही. देशप्रेमाचा दाखला काढण्यासाठी ते तुरुंगात गेले नव्हते. आपल्या समाजाचे प्रश्न मांडू नका असंही मी म्हणत नाही. शिष्यवृत्ती, घर भाड्याने न मिळणं, मुलींचं शिक्षण, हे मांडायलाच हवेत. पण ते नागरिक म्हणून, सगळ्यांच्या सभेत मांडायचे.

२०१६ पासून पनवेलला महानगरपालिका आहे. प्रभागाच्या बैठका, अर्थसंकल्प, माहितीचा अधिकार, ही सगळी आपली दारं आहेत. मेहरअलींच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये त्यांच्या नावे संस्था काढली. पुढे १९४२ च्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या डॉ. जी. जी. पारिखांच्या पुढाकाराने ताऱ्याला दवाखान्यासारखी कामं उभी राहिली. तिथे येणाऱ्या रोग्याला कुणी जात-धर्म विचारला नाही.

म्हणून एक विनंती. पुढच्या महिन्यात प्रत्येकाने आपल्या प्रभागातला एक प्रश्न उचलायचा. आपल्या गल्लीचा नको, शेजारच्या गल्लीचा. अर्जावर त्या गल्लीतल्या माणसांच्या सह्या घ्यायच्या. सुरुवात एवढीच.