गाठीतले घरधनी



खाडीत कालवे काढताना पाय कापला, जखम चिडली, की जांघेत अवधाण येते, हे उलव्याच्या जुन्या मंडळींना आम्ही सांगावयास नको. जखम पायाला आणि गाठ जांघेत, असे का? पायाकडून येणारी लसिका तेथील ग्रंथीत गाळली जाते आणि पांढऱ्या पेशींना रोगजंतूंची ओळख तेथेच पटते. मुंबईत १८९६ साली आलेल्या प्लेगची गाठ ती हीच.

पांढऱ्या पेशींचे गुणगान पुष्कळ झाले. त्यांना घर देणाऱ्या आधारपेशींना मात्र शास्त्रज्ञही बरीच वर्षे नुसता मांडव समजत होते. पण मांडव कधी पाहुण्यांना हाक मारतो काय?

आईच्या पोटातच या घराची पायाभरणी होते. रक्तातून आलेली एक पेशी लिंफोटॉक्सिन नावाचा निरोप आणते. त्याने जागेवरची आधारपेशी जागी होते आणि आणखी पेशींना बोलावू लागते. १९९४ साली हा निरोपच नसलेले उंदीर तयार करण्यात आले. ते जगले, परंतु त्यांच्या अंगात लसिका ग्रंथी झाल्याच नाहीत!

पुढे आधारपेशींत कामाची वाटणी होते. काही जाळे विणून टी-पेशींना बोलावतात, पोसतात. काही बी-पेशींच्या वस्तीत राहून जंतूंचे अंश आपल्या अंगावर धरून ठेवतात. उलव्यात सेक्टर आधी आखले गेले, माणसे मागून आली. ग्रंथीत तसे नाही. बी-पेशी आल्यावाचून त्यांची आधारपेशीही पुरती घडत नाही. राहणारा आणि घर एकमेकांना घडवतात.

आता अवधाणाकडे वळू. हे जाळे एरवी ताणलेले असते. जंतूंचा माग घेऊन आलेल्या पेशींचा स्पर्श होताच ते सैल पडते, आत गर्दी मावते, गाठ फुगते. आपण शेकत बसतो त्या सुजेमागे केवढी ही व्यवस्था!

आणि हे जाळेच नष्ट झाले तर? एच्. आय्. व्ही.च्या रोग्यांत तसे घडते. जाळ्याच्या जागी कोलॅजनचा व्रण साचतो. औषधाने विषाणू दबतो, तरी कित्येकांच्या टी-पेशी पूर्ववत वाढत नाहीत, कारण त्यांना पोसणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. औषध लवकर सुरू झाले, तर जाळे पुष्कळसे वाचते. म्हणून त्या तपासणीला लाजून दिवस घालवू नयेत, एवढे मात्र आम्ही हात जोडून सांगतो.