पांघरूण दिलं, पुढं काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आज आपल्या विहाराचा वर्धापनदिन. समितीने आम्हा महिला मंडळाला दोन शब्द बोलायला सांगितले. या दिवशी दरवर्षी इथं धम्मावर, बाबासाहेबांच्या कार्यावर व्याख्यानं होतात. ती ऐकतच आम्ही मोठ्या झालो. आज मात्र आम्ही आमच्या एका चुकीबद्दल बोलणार आहोत. चूक कबूल करायला विहारासारखी दुसरी जागा नाही.

आपणा सर्वांना ठाऊकच आहे की महापरिनिर्वाण दिनानंतर, थंडी वाढली की आम्ही वर्गणी करून पांघरुणं वाटतो. रेल्वे स्टेशनची बाजू, हिंगोली गेट, गोवर्धन घाट, असे फिरतो. फोटो काढतो, समाधानानं घरी येतो. स्टेशनजवळ एक बाबा दरवर्षी भेटायचे. तीन वर्षं आम्ही त्यांना पांघरूण दिलं. चौथ्या वर्षी ते म्हणाले, "माय, पांघरूण तर मागल्या सालचंबी हाय. मला एवढा कागद वाचून दाखवता का?" पोटाशी बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक घडी काढली. रेशन कार्डाची फाटकी झेरॉक्स होती ती.

बंधू-भगिनींनो, त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. तीन वर्षं ज्या माणसाला पांघरूण दिलं, त्याला एकदाही "बाबा, तुम्ही इथं कसे आलात?" असं आम्ही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. बाबा मूळचे मुखेड तालुक्यातले. मोंढ्यात हमाली करायचे. पोतं घेऊन पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात दोन महिने गेले. काम गेलं म्हणून भाडं थकलं. भाडं थकलं म्हणून खोली गेली. खोली गेली म्हणून पत्ता गेला, आणि पत्ता गेला म्हणून कागदही गेले. गावी घर भावकीत वाटून गेलेलं. दारू नाही, जुगार नाही. एक हाड मोडलं आणि माणूस रस्त्यावर आला. रस्त्यावर झोपणारा माणूस आळशी असतो, असं म्हणणाऱ्यांनी ही साखळी एकदा नीट बघावी. आपल्यापैकी किती घरं त्या साखळीपासून फक्त एक हाड दूर आहेत, काय हो?

इथं आम्हाला पटाचारेची आठवण येते. वर्षावासात भन्तेजींनी तिची कथा किती वेळा सांगितली! श्रावस्तीच्या श्रीमंत घरची मुलगी. नवरा सर्पदंशानं गेला. एक लेकरू नदीत वाहून गेलं, तान्ह्याला ससाण्यानं उचललं. माहेरी निघाली, तर वादळात घर कोसळून आईवडील आणि भाऊ गेल्याचं कळलं. ती भान हरपून, उघडीनागडी रस्त्यानं भटकू लागली. लोक वेडी म्हणून ढेकळं मारायचे. ती जेतवनात आली तेव्हाही लोक तिला अडवू लागले. तथागत म्हणाले, येऊ द्या तिला.

पुढं काय काय घडलं त्याचा क्रम लक्षात घ्या. आधी कुणीतरी आपलं वस्त्र तिच्या अंगावर टाकलं. मग तथागतांनी तिचं दुःख ऐकून घेतलं. मग तिला भिक्खुणी संघात जागा मिळाली. आणि शेवटी जबाबदारी मिळाली. विनय जाणणाऱ्या भिक्खुणींमध्ये ती अग्रगण्य ठरली आणि लेकरं गमावलेल्या कितीतरी स्त्रियांना तिनं सावरलं. वस्त्र, ऐकून घेणं, जागा आणि जबाबदारी, अशा या चार पायऱ्या आहेत. आम्ही तीन वर्षं पहिल्याच पायरीवर उभ्या होतो आणि त्यालाच दान म्हणत होतो.

बोधिसत्त्व बाबासाहेबांनीही हाच क्रम पाळला. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढलं. तेच आपलं मिलिंद. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून एक पिशवी घेऊन आलेली पोरं नागसेनवनाच्या वसतिगृहात राहिली. त्यांना शहरात कुणी खोली देत नव्हतं. तिथं राहून ती शिकली, मास्तर झाली, वकील झाली, कवी झाली. ज्याला कुठंच जागा नाही त्याला जागा द्यायची, आणि एक दिवस त्याला स्वतःच्या पायावर तिथून बाहेर पडता आलं पाहिजे, असं ते वसतिगृह होतं. निवारा म्हणजे तरी दुसरं काय?

आणि बेघर होणं आपल्याला नवं आहे का? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात, विशेषतः नांदेड आणि परभणीच्या खेड्यांत, आपली घरं जाळली गेली. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे शहीद झाले. कितीतरी कुटुंबं रातोरात गाव सोडून शहरात आली. या वस्तीतल्या काही घरांची गोष्ट तिथूनच सुरू होते. ज्या नातेवाइकानं तेव्हा आपल्या एका खोलीत दोन बिऱ्हाडं सामावून घेतली, तोच आपला निवारा होता. त्यानं नुसती पथारी दिली नाही. मोंढ्यात ओळख करून दिली, पोरांचं नाव शाळेत घातलं. म्हणून आज आपण इथं पक्क्या घरात आहोत.

आता आपल्या शेजारचा दाखला घेऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं दगडमातीच्या भिंतीखाली गेली. ५२ गावं नव्या जागेवर वसवावी लागली. पटाचारेसारखीच एका रात्रीत घरदार गमावलेली शेकडो लेकरं उरली. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी अशा सुमारे १२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली. नळदुर्गला ज्येष्ठ समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकारानं 'आपलं घर' उभं राहिलं. त्या नावातच सगळं आलं. अनाथाश्रम अशी पाटी लागली असती तर लेकराच्या कपाळावर ती जन्मभर राहिली असती. तिथं लेकरांना भाकर मिळाली तशी शाळाही मिळाली.

दुसरा दाखला औसा तालुक्यातल्या हासेगावचा. रवी बापटले यांनी २००७ साली तिथं 'सेवालय' सुरू केलं. एचआयव्हीची बाधा घेऊन जन्मलेली, आईबाप गेलेली, नातेवाइकांनी टाकलेली मुलं तिथं राहू लागली. सुरुवातीला विरोध झाला, अज्ञान होतं, भीती होती. पण वेळेवर औषध, पोटभर अन्न आणि मायेचा हात मिळाला, तशी ही लेकरं मोठी झाली. मग नवा प्रश्न आला. कायद्यानं बालगृह १८ वर्षांपर्यंत. अठरावं सरलं की जायचं कुठं? २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अशा मुलांसाठी २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पाठीशी राहण्याची तरतूद आहे. पण कायद्यातली ओळ रात्री अंथरूण घालत नाही. सेवालयानं या मोठ्या मुलामुलींसाठी 'हॅपी इंडियन व्हिलेज' उभं केलं. तिथं ती काम शिकली, गाण्याचे कार्यक्रम करू लागली, काहींची लग्नं लागली. ज्यांचं मरण लोकांनी गृहीत धरलं होतं, त्यांनी संसार थाटले.

या सगळ्यातून आम्हाला एक गोष्ट उमगली. निवाऱ्यात किती माणसं झोपतात यावरून तो चांगला की वाईट हे ठरत नाही. तिथून किती माणसं ताठ मानेनं बाहेर पडली, यावर ते ठरतं.

आपल्या नांदेडचं एक भाग्य आहे. सचखंड गुरुद्वाऱ्याचा लंगर चालू असतो, तिथं कुणी कुणाची जात विचारत नाही. त्यामुळं या शहरात भुकेला माणूस सहसा उपाशी झोपत नाही. पण झोपतो कुठं? सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली मोठ्या शहरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा असं बजावलं. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात १०० माणसांचा कायमस्वरूपी निवारा, माणशी निदान ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय असे निकष ठरले. २०११ च्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाखांचं होतं. म्हणजे हिशेबानं किती निवारे हवेत ते शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल.

आमच्या बाबांना आम्ही शहरातल्या एका निवाऱ्यात नेलं. तिथं त्यांना गादी मिळाली, आंघोळीला पाणी मिळालं. पण त्यांना सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल? कुलूप! एक लहान पेटी आणि तिचं कुलूप. कित्येक वर्षं पोटाशी बांधलेले कागद त्यांनी त्या पेटीत ठेवले आणि पहिल्यांदा उताणे झोपले. नंतर कळलं, मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखानं दिलेला दाखला आधार नोंदणीला चालतो. आधार झालं. मग रेशन. वय पासष्टच्या पुढचं, म्हणून श्रावणबाळ योजनेचा अर्ज केला. त्याला राज्यात १५ वर्षं राहत असल्याचा दाखला लागतो, त्यासाठी मुखेडला तीन खेपा झाल्या. शेवटी महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले. एका मंगल कार्यालयात रात्रीची राखण मिळाली. निवाऱ्यातल्याच एका सोबत्याबरोबर त्यांनी भाड्यानं खोली घेतली. या सगळ्याला चौदा महिने लागले. बाबा आज इथं बसलेले आहेत. नाव घेऊ नका म्हणाले, म्हणून घेत नाही. कालच्या भोजनदानाच्या वर्गणीत त्यांचेही ५१ रुपये आहेत.

पण सगळीच गोष्ट गोड नाही, बरं का. त्याच हिवाळ्यात घाटावर एक बाई भेटली होती. मन थाऱ्यावर नव्हतं तिचं. तिलाही आम्ही एका निवाऱ्यात नेलं. तिथं बायकांसाठी वेगळी खोली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती निघून गेली. आम्ही पुष्कळ शोधलं, सापडली नाही. बाईमाणसाला नुसतं छप्पर पुरत नाही, आतून लागणारी कडी हवी, सोबतीला बाई हवी आणि मनाच्या आजारावर उपचार हवा. भटकणाऱ्या मनोरुग्णाला सरकारी दवाखान्यात पोहोचवणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. आम्हाला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. तिचा विचार आला की अजून घास अडकतो.

म्हणून समितीपुढं आमची तीन मागणी आहेत म्हणा, विनंत्या आहेत म्हणा.

एक. विहाराच्या वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं द्यायची चर्चा चालू आहे. ती भाड्यानं देऊ नये. दर रविवारी वंदनेनंतर दोन तास तिथं कागदपत्रांची बैठक बसावी. आपल्या वस्तीत पदवीधर पोरंपोरी आहेत, मोबाईल सगळ्यांच्या हातात आहेत. त्यांनी अर्ज भरून द्यावेत. बेघर माणसाचं नावसुद्धा मतदार यादीत येऊ शकतं. तो जिथं झोपतो तिथं रात्री येऊन अधिकारी खात्री करतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. मताचा हक्क बाबासाहेबांनी राज्यघटनेत लिहून ठेवला तो फूटपाथवरच्या माणसासाठीही आहे.

दोन. बालगृहातून अठरा वर्षं पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या एका तरी लेकराची, नोकरी लागेपर्यंतची जबाबदारी आपल्या वस्तीनं दरवर्षी घ्यावी. आमच्या मंडळानं त्यासाठी महिना वीस रुपयांची वर्गणी सुरू केलीच आहे.

तीन. हे नंबर प्रत्येक घराच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. लेकरासाठी १०९८, संकटातल्या बाईसाठी १८१, म्हाताऱ्या माणसासाठी १४५६७. रस्त्यावर कुणी दिसलं तर हळहळून पुढं जाऊ नका. फोन लावा, आणि माणूस पोहोचेपर्यंत तिथं थांबा.

पांघरुणं आम्ही याही वर्षी वाटणार आहोत. थंडी कुणाची वाट बघत नाही. पण यंदा पांघरुणाबरोबर एक वही आणि पेन असेल. नाव, गाव, काय झालं, काय पाहिजे, हे सगळं विचारून लिहून घेऊ. पुढच्या वर्धापनदिनी ही वही आम्ही याच ठिकाणी आपल्यापुढं उघडू. त्यातली किती माणसं अजून रस्त्यावर आहेत आणि किती स्वतःच्या खोलीत झोपतात, याचा हिशेब आपण आम्हाला विचारावा. नाही दिला, तर पुढच्या साली आम्हाला भाषणाला बोलावू नये.



भवतु सब्ब मंगलं! जयभीम!